कारंजाच्या उतारावरचा टँकर

सेलूजवळ वांगी-भेंडी पिकवणाऱ्या गजेंद्रला नागपूरच्या होस्टेलात असताना एक नाद लागला. शिकलेलं सगळं पुढं विसरला, नाद तेवढा राहिला. टेबलाभोवती बसून तोंडानं खेळायचा तो खेळ. प्रत्येकानं एक पात्र व्हायचं, एकानं गोष्ट पुढं न्यायची, आणि काम जमेल की फसेल अशी शंका आली की फासे टाकायचे. यंदा त्यानं घरच्यांना सुपरहिरो करायचं मनावर घेतलं. पण अशा खेळाच्या नियमांची पुस्तकं ढिगानं, घ्यावं कोणतं? त्यानं तीन निवडून मोबाईलवर उतरवून घेतली आणि पारखायला प्रसंग एकच ठेवला. कारंजाच्या उतारावर टँकरचे ब्रेक फेल झालेत, खाली ढाबा आहे.

पहिलं पुस्तक चांगलंच जाडजूड. त्यात ठरलेले गुण खर्चून शक्ती विकत घ्यायच्या, आणि अंगात एखादी खोड ठेवली की जास्तीचे गुण मिळायचे. हे ऐकून चुलतभाऊ कैलास खुलला.

"लिही. पान्याले भेते, कुत्र्याले भेते, उनात चक्कर येते, लाल रंग दिसला का आंधया होते."

शेवटी त्याचा हिरो डोंगर हलवेल एवढा दांडगा झाला.

"पन भाऊजी, हा घराबाहेर निघन कसा?" गजेंद्रच्या बायकोनं, मंजुषानं विचारलं.

"निघतच नाई," कैलास समाधानानं म्हणाला. "घरातल्या घरात ताकदवान आहे."

बेरीज-वजाबाकीत जेवणवेळ झाली. टँकर होता तिथंच.

दुसरं पुस्तक अगदी बारीक. फासे नाहीत, जो म्हणेल ते झालं.

"म्या ब्रेकले समजावलं," मंजुषा म्हणाली, "अन् तो लागला."

"ब्रेकले कोनी समजावते का?" कैलासनं विचारलं.

"तेच माही शक्ती आहे. माह्या शब्दाबाहेर कोनी जात नाई."

गजेंद्रनं पुस्तक चाळलं. याला हरकत घेणारं वाक्य त्यात कुठंच नव्हतं. चहा उकळायच्या आत खेळ आटोपला.

तिसऱ्यात फासे होते, पण आकडा मधला पडला तर काम व्हायचं आणि सोबत काहीतरी बिघडायचं. कैलासनं नवा, घराबाहेर निघणारा हिरो घेतला आणि फासे टाकले. मधला आकडा.

"टँकर थांबला," गजेंद्र म्हणाला, "पन तू ढाब्याच्या खांबाले पाय रोवला. छपराची टिनं खाली आले."

"माहा काय दोष? मी तर जीव वाचवून राह्यलो."

पाठ फिरवून वांगी निवडत बसलेले गजेंद्रचे वडील, बंडूजी, इतका वेळ याला पोरखेळ म्हणत होते. ते आता वळले.

"ढाबा कोनाचा होता?"

"असाच कोनाचातरी, बाबा."

"असाच कसा? त्यानं कष्टानं बांधला असन. आता हा पयून जाईन का?"

"मी काऊन पयू, काकाजी?" कैलासला राग आला. मंजुषा म्हणाली, आधी ढाबेवाल्याची माफी मागा. मग माफी कुणी मागायची यावर जुंपली. भाजी थंड झाली, तरी नियमांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. गजेंद्रनं गुपचूप पहिली दोन पुस्तकं मोबाईलमधून काढून टाकली.

पुढच्या रविवारसाठी त्यानं सूर्य चोरणारा एक भयंकर खलनायक मेहनतीनं तयार केला. त्याला तोंड दाखवायलाही मिळालं नाही. कैलासचा हिरो संध्याकाळपर्यंत टिनं चढवत होता, मंजुषा ढाबेवाल्याची समजूत घालत होती, आणि बंडूजी जागेवरूनच म्हणत होते, "ढाळ चुकला तुहा. पानी चुलीवर येईन. टाक फासे अजून."

गजेंद्रनं फासे कैलासपुढं सरकवले.