समोर कोण बसलं होतं

कुणाच्या तोंडून "तो पोरगा आळशी आहे" असं वाक्य निघालं, की खिल्लारे सर हातातली कपबशी टेबलावर ठेवायचे. आपटायचे म्हटलं तरी चालेल. मग तीन प्रश्न यायचे, नेहमी त्याच क्रमानं. "कुठं? कवा? कुनासमोर?" समोरचा शिक्षक गडबडायचा. "म्हणजे... वर्गात, सर." "कुनाच्या वर्गात? पहाटं ढोरं सोडून, चार कोस चालून आलेलं पोरगं दुपारी तुमच्या तासाला पेंगलं, तर आळशी झालं का? तुमी रविवारी दहा वाजेस्तोर झोपता, तुमाला कुनी आळशी म्हनलं?" स्टाफरूममध्ये हशा व्हायचा. ज्याची पाळी असायची, तो मात्र हसत नसे.

माझी पाळी पहिल्याच दिवशी आली. त्र्याहत्तर साली मानसशास्त्राची एम.ए. होऊन मी परभणीच्या एका अध्यापक विद्यालयात लागले. वडील परभणीतच वकील, औरंगाबादहून आणलेली इंग्रजी पुस्तकांची पेटी, आणि पाय जमिनीपासून वीतभर वर. आमच्या शिपायाकडे पाहून मी म्हटलं, "हा गृहस्थ अंतर्मुख दिसतो." खिल्लारे सरांनी कपबशी ठेवली. "बाई, त्यो तुमच्यासमोर अंतर्मुख हाय. पोळ्याला त्याच्या गावात या, बैलाम्होरं नाचताना बगा." मला राग आला. हा बुटका, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला माणूस मला माझाच विषय शिकवणार?

सर पूर्णेचे. वडील रेल्वेत गँगमन. छप्पन साली घरानं धम्म घेतला तेव्हा सर शाळेत होते. वर्गात उभे राहिले की भाषा पुस्तकी, आणि संताप आला की थेट पूर्णेची. व्यक्तिमत्त्वाच्या उपपत्ती ते मन लावून शिकवायचे. माणूस पहिल्या पाच वर्षांतच घडतो म्हणणारे, माणूस म्हणजे मोजता येण्याजोग्या गुणांची मोळी म्हणणारे, सगळ्यामागं न्यूनगंड शोधणारे, कुणालाही ते कमी लेखत नसत. फळा भरून झाला की हात झटकून म्हणायचे, "हे सगळं पेपरात लिहा. मार्क मिळतील. पन एक ध्यानात ठिवा, पुस्तकातला माणूस एकटाच ऱ्हातो. आपल्या गावात एकटा माणूस कुठं हाय? समोर कोन हाय ते बगून माणसाचा आवाज निघतो."

एकदा मी विद्यार्थ्यांवर शाईच्या डागांचा प्रयोग केला. कागदावर शाई सांडायची, घडी घालायची, उघडायची आणि काय दिसतं ते विचारायचं. एक मुलगा म्हणाला, "सोललेलं कातडं." मी पुस्तक उघडून मोठ्या गंभीरपणे सांगितलं, की अशा उत्तरातून हिंसक प्रवृत्ती दिसते. मागच्या बाकावरून सर म्हणाले, "त्याचा बाप कातडं कमावतो, बाई. पोरगं रोज दारात तेच बगतंय. त्याला फुलपाखरू दिसलं असतं, तर मला फिकीर लागली असती." वर्ग हसला. मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती सांगते. सांगताना आजही कानशिलं तापतात.

आमच्या संस्थेनं देवगाव फाट्याजवळ नवी प्राथमिक शाळा काढली. शिक्षकांच्या मुलाखती आमच्याच ऑफिसात झाल्या. संस्थेचे अध्यक्ष नानासाहेब, एक मुख्याध्यापक आणि तज्ज्ञ म्हणून मी. व्यक्तिमत्त्वाला प्रत्येकाकडे पंचवीस गुण. मी खास फॉर्म तयार केला होता. पेहराव, आत्मविश्वास, संभाषण, तडफ, नेतृत्व; एकेका गुणाला एक ते पाच आकडे. नानासाहेबांनी तो फॉर्म उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "वा! आता कुणाला बोलायला जागा नाही." मी फुगले.

कौसल्या सरांची विद्यार्थिनी. पाथरीकडच्या खेड्यातली, बौद्ध घरातली, मी लागायच्या आधीच पास होऊन गेलेली, पाठ घेण्यात तिच्या वर्षीची पहिली. ती आत आली. "या, बसा," मी म्हटलं. ती खुर्चीच्या पाठीला हात लावून उभी राहिली. "अहो, बसा ना." तिनं एकदा नानासाहेबांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. नानासाहेब पान लावत होते. ते काहीच बोलले नाहीत. उत्तरं सगळी बरोबर आली, पण इतक्या खालच्या आवाजात, की मुख्याध्यापकांना दोनदा विचारावं लागलं. मी फॉर्म भरला. आत्मविश्वास एक, संभाषण एक, तडफ एक, नेतृत्व एक. पेहरावाला दोन दिले, साडी स्वच्छ धुतलेली होती म्हणून. हे आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं. मुख्याध्यापकांनी तिला तेरा दिले होते आणि नानासाहेबांनी चौदा. निवडीच्या यादीतल्या शेवटच्या नावापेक्षा तिला तीन गुण कमी पडले.

दुसऱ्या दिवशी सर स्टाफरूममध्ये आले ते माझ्यासमोरच उभे राहिले.

"सहा? पंचवीसातले सहा?"

"फॉर्म शास्त्रीय आहे, सर. मला दिसलं ते मी मोजलं."

"तिचा बाप कुनाकडं सालगडी हाय, म्हाईत हाय? नानासाहेबाकडं! तिच्या आज्यापासून त्या माणसाम्होरं त्या घरातल्या कुनी बूड टेकलं न्हाई. ती उबी ऱ्हायली, तर तिला आत्मविश्वास न्हाई? ती बसली असती तर बाप सांजच्याला कामावरनं गेला असता! समोर कोन बसलं होतं, त्याला तुमच्या फॉर्मात रकाना हाय का?"

रकाना नव्हता. मी म्हटलं, "मला हे माहीत नव्हतं."

"मग म्हाईत करून घ्या. रविवारी चला."

रविवारी सकाळच्या एसटीनं आम्ही पाथरीला उतरलो आणि तिथून कोसभर चाललो. वस्तीतल्या विहारात कौसल्या तीसेक पोरांना दशक-एकक शिकवत होती. पोरांपुढे चिंचोक्यांचे ढीग होते. "ए गंप्या, खाऊ नको, मोज!" असा तिचा आवाज गल्लीच्या तोंडाशी ऐकू आला. तेवढ्यात एक बाप्या आपल्या पोरीला खुरपणीला न्यायला आला. कौसल्या कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली. "तास झाल्याबगर पोरगी मिळायची न्हाई, काका. बसा तितं." तो माणूस मुकाट्यानं बाहेरच्या दगडावर टेकला. हीच ती सहा गुणांची मुलगी. मी तिला म्हटलं, "छान! फारच छान!" तिच्या आईनं दिलेला चहा प्यायले आणि आम्ही परत निघालो.

वाटेत सर म्हणाले, "नेमणुका निघायला धा दिस हायेत. तुमच्या हातानं लिहून द्या, का माझं मोजमाप चुकलं. दुसऱ्या दोघांनी तिला पाडलं न्हाई, तुमचेच मार्क आडवे आलेत. तुमी लिवलं तर त्यान्ला यादी बदलावी लागंल."

"लिहिते," मी म्हटलं.

लिहिलं नाही. माझी नोकरी अजून कच्ची होती. घरी वडील म्हणाले, "नानासाहेबांशी वाकडं घेऊ नकोस, जरा थांब." थांबायला मला तेवढंच निमित्त हवं होतं. रोज कागद समोर घ्यायचा आणि रोज पेनचं टोपण लावायचं, असे आठ दिवस गेले. सर त्या दिवसांत वाट पाहत बसले नाहीत. ते एकटेच नानासाहेबांच्या बैठकीत जाऊन आले. नानासाहेबांनी त्यांना शांतपणे ऐकवलं, "खिल्लारे, आम्ही तर पोरीला चौदा दिले. तुमच्या मानसशास्त्रानंच तिला पाडलं. आमचा काय दोष?"

हे ऐकलं तेव्हा माझ्या अंगाची लाही झाली. त्या माणसाला तोंडानं "बस" असा एक शब्द काढायचा होता. तो त्यानं काढला नाही, आणि वर चौदा गुण देऊन हात धुऊन मोकळा झाला. घाणेरडं काम माझ्या शास्त्रीय फॉर्मकडून करून घेतलं. त्याच रागात नवव्या दिवशी मी कागद लिहिला. सर तो घेऊन सायकलवरून संस्थेच्या कचेरीत गेले आणि तासाभरात परत आले. नेमणुका आदल्या संध्याकाळीच, मुदतीच्या आधी निघाल्या होत्या. जागा भरली होती.

"आठ दिस काय केलं, बाई?" ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"भीती वाटत होती, सर. तुमचं वेगळं आहे. तुमचा स्वभावच निडर."

त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले. हात कापत होते. "ह्ये निडर माणसाचे हात हायेत का? बैठकीत जाऊन आलो तवापासून असेच हायेत. माझ्या जिवावर घरी सहा तोंडं हायेत. पानी गिळताना नरडं दुखायलंय. आन् तुमी म्हनता, स्वभाव!" मग ते तास घ्यायला निघून गेले.

मी पुन्हा त्या खेड्यात गेले, एकटी, माफी मागायला. कौसल्या नानासाहेबांच्याच रानात खुरपत होती. तिनं खुरपं थांबवलं नाही. "तुमी सहा मार्क दिले त्याचा राग न्हाई, बाई. तवा तुमाला काय म्हाईत नव्हतं. पन तुमी आमच्या हितं आल्या, डोळ्यानं समदं बगितलं, छान म्हनल्या, च्या पिला, आन् घरी जाऊन गप बसल्या. त्याचा लय राग हाय." मी बांधावर उभी होते. बस असं ती मला म्हणाली नाही, आणि माझी बसायची हिंमत झाली नाही. पुढच्या साली लग्न होऊन ती मानवतला गेली आणि तिथल्या जिनिंगमध्ये कामाला लागली. तिला शाळा मिळाली नाही.

सरांना त्याची किंमत मोजावी लागली. त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात त्यांच्याविषयी शेरा आला, "स्वभाव तापट. सहकार्याचा अभाव." त्यावर खुलासा मागितला गेला. सरांनी कोऱ्या तावावर तीनच प्रश्न लिहून खाली सही ठोकली, "कोठे? केव्हा? कोणासमोर?" संस्थेनं उत्तर दिलं नाही, वेतनवाढ तेवढी रोखली. दोन वर्षांनी ते पूर्णेच्या एका शाळेत गेले. निरोपाचा चहासुद्धा कुणी दिला नाही.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात ते वर्गात शिकवताना कोसळले. चाळीशीही झाली नव्हती. आमच्या विद्यालयात शोकसभा ठेवली गेली आणि अध्यक्षस्थानी कोण? नानासाहेब! ज्यांनी त्यांची वेतनवाढ अडवली, तेच एकामागून एक उठून बोलत होते. शेवटी नानासाहेब उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "खिल्लारे सर म्हणजे जातिवंत निर्भीड माणूस. भीती कशाला म्हणतात ते त्यांना ठाऊकच नव्हतं. रक्तातच असावं लागतं ते. तुमच्या-आमच्यासारख्यांना ते जमायचं नाही."

माझ्या डोळ्यांसमोर ते कापणारे हात आले. मी उठले. वक्त्यांच्या यादीत माझं नाव नव्हतं.

"खोटं आहे हे," मी म्हटलं. "सर तुम्हाला घाबरत होते, नानासाहेब. घशाखाली पाणी उतरत नव्हतं त्यांच्या. तरी ते तुमच्या बैठकीत आले. मीही घाबरत होते, आणि मी आले नाही. आमच्या दोघांत फरक एवढाच. त्याला रक्त म्हणू नका. रक्त म्हटलं की आपण सगळे सुटतो."

कुणीतरी माझा पदर ओढून मला खाली बसवलं. "खोटं आहे हे" एवढंच वाक्य मी सहा वर्षांपूर्वी माझ्या फॉर्मबद्दल बोलायला हवं होतं. तेव्हा शाळेतली कौसल्याची जागा अजून रिकामी होती.