तिळाहून लहान लॉराइट

नाशिक-पुणे रस्त्यावर, संगमनेरच्या अलीकडे, पीरमहंमद यांचे दगडांचे दुकान आहे. विहिरी खोदताना काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत जे स्फटिक सापडतात, ते तेथे विक्रीस असतात. या जिल्ह्यात वस्तूची किंमत तिच्या आकारावरून ठरते. महाविद्यालयात भूशास्त्र शिकवताना याच समजुतीवर डोके आपटण्यात माझी उमेद संपली. पीरमहंमद तेवढे अपवाद निघाले, आणि त्याची शिक्षा त्यांना घरातच मिळाली.

त्यांच्याच विहिरीतून निघालेला, पेरूएवढा हिरवा स्फटिक पत्नी रजिया यांनी कपाटावर जपला होता. गेल्या हिवाळ्यात एका परदेशी संग्राहकाने तो मागितला आणि बदल्यात काचेची कुपी पुढे केली. आत तिळाच्या निम्म्या आकाराचा काळा कण होता: लॉराइट. रुथेनियम या प्लॅटिनमच्या कुळातील धातूचे आणि गंधकाचे हे दुर्मिळ खनिज बोर्निओतील नदीच्या वाळूतून आलेले. आपल्या पाषाणात ते आढळत नाही. रजिया बाजारात गेल्या होत्या. आयुष्यभर पाट्या भरभरून दगड विकले, जवळ ठेवावासा वाटला तो हा एकच कण, असे म्हणत पीरमहंमद यांनी सौदा केला.

त्या दिवसापासून त्यांच्या चहातील साखर बंद झाली. उसाच्या तालुक्यात याहून कठोर बहिष्कार संभवत नाही.

अखेर साक्षीसाठी मला पाचारण झाले. मी रुथेनियमपासून प्रारंभ केला. बोर्निओपर्यंत पोहोचण्यापूर्वीच रजिया यांनी माझ्यापुढेही बिनसाखरेचा चहा ठेवला. साक्षीदाराला आरोपींत धरण्याची ही रीत मला सरकारी कचेऱ्यांतूनही परिचित आहे.

“सर, खरं सांगा. ह्यांना फसवलं का न्हाई?”

भिंगाखाली सर्व लक्षणे जुळतात, असे मी सांगितले. पीरमहंमद यांनी भिंग पत्नीच्या हाती दिले. रजिया यांनी पुष्कळ वेळ पाहिले. आठ बाजूंचा तो कण आरशासारखा चकाकत होता.

“चांगला हाय,” त्या म्हणाल्या. पीरमहंमद यांचा चेहरा उजळला.

“मग आता ह्यो माझा. माझा दगड गेला, त्याच्या बदली आलेला माझाच की.”

“अगं, मग मी गिऱ्हाइकाला काय दाखवू?”

“मला इचारायचं.”

कुपी हिरव्या दगडाच्या जागी गेली. आता कण पाहायचा तर रजिया यांची परवानगी लागते, पतीलासुद्धा. पीरमहंमद यांच्या चहात साखर परतली आहे. मात्र अर्धा चमचा. उरलेला अर्धा चमचा, हिरवा दगड परत आल्यावर.

माझ्या चहाबाबतचा निर्णय प्रलंबित आहे.