खडूकाकूंची खोली

खडूकाकूंच्या पर्समध्ये चाव्यांसोबत एक खडू कायम असे. मुलुंडच्या आमच्या इमारतीत सेक्रेटरी पाणीकपातीची सूचना फळ्यावर विषय-संदर्भासह दहा ओळींत लिहीत. काकू ती पुसून लिहीत : ‘उद्या पाणी फक्त सकाळी. भरून ठेवा.’ सेक्रेटरी चिडले की काकू म्हणत, “फळा जिन्यात आहे. उतरता उतरता वाचून झालं पाहिजे.” त्यांची सगळी नोकरी एका कचेरीत चौकशीच्या खिडकीवर झाली होती.

मी तेव्हा वर्तमानपत्रात नवा होतो. पुनर्विकासावरची माझी पानभर बातमी त्यांना अभिमानाने दाखवली. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली. “आकडे सगळे आहेत रे. पण हे वाचून मी करू काय, ते कुठे लिहिलंयस?”

मग आमच्याच इमारतीचा पुनर्विकास आला. बिल्डरच्या माणसाने पडद्यावर तक्ते दाखवले. प्रत्येक तक्त्यात क्षेत्रफळ वाढत होतं. सगळे माना डोलावत होते. मीही आकडे उतरवून घेत होतो. काकूंचे यजमान, अप्पा, पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले. त्यांना कुशीवर वळवायला खाटेच्या दोन्ही बाजूंना माणूस लागे.

काकूंनी विचारलं, “खाटेच्या दोन्ही बाजूंना माणूस उभा राहील का?”

“मॅडम, एरिया वाढतोय ना.”

“ते ऐकलं. माणूस उभा राहील का?”

त्याने तोच तक्ता पुन्हा दाखवला.

रविवारी सकाळी काकू नकाशा, टेप आणि खडूची पेटी घेऊन गच्चीवर गेल्या. टेपचं दुसरं टोक मी धरलं. दुपारपर्यंत नवं घर खऱ्या मापात जमिनीवर आखून झालं. बिऱ्हाडं एकामागून एक ‘घर बघायला’ वर आली. तिसऱ्या मजल्यावरच्या परबकाकी स्वयंपाकघरात उभ्या राहून ओरडल्या, “फ्रीज हयसर ठेवलो तर मी खंय उभी रवू?”

“बाल्कनीत!” परब म्हणाले. “एरिया वाढलो ना!”

काकूंनी शेवटी खाट आखली. एका बाजूला मी उभा राहिलो. दुसऱ्या बाजूला त्या गेल्या, तर पाऊल थेट भिंतीच्या रेषेवर पडलं. वाढलेली जागा बाल्कनीत आणि पॅसेजमध्ये गेली होती. खोली आखडली होती. हे कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. त्या आठवड्यात संमतीपत्रावर एकही सही झाली नाही. काही महिन्यांनी नवा नकाशा आला. त्यात बाल्कनी लहान होती आणि भिंत सरकली होती.

अप्पा भाड्याच्या घरातच वारले. इमारत तेव्हा अर्धीच उभी होती.

ताबा मिळाला त्या दिवशी मी काकूंकडे गेलो. त्या रिकाम्या खोलीत ओणव्या होत्या. चकचकीत लादीवर खडू उमटत नव्हता. त्यांनी तो ओला करून ओढला. खाटेचा चौकोन पुरा झाला.

“तू त्या बाजूला उभा राहा,” त्या म्हणाल्या.

मी उभा राहिलो. त्या या बाजूला उभ्या राहिल्या.

“राहतो,” त्या म्हणाल्या, आणि खडू पर्समध्ये टाकला.