पिंडरीत मुक्कामाला आलेला

नल्लकुंट्यातल्या आमच्या गल्लीत ज्याला मी रोज सकाळी शिळी पोळी घालायचो, त्याच कुत्र्यानं माझी पिंडरी धरली. कुत्रं खरं तर मांजराएवढं. इराणी हॉटेलात किस्सा सांगताना मी ते वासराएवढं केलं, आणि किस्सा जामबागेत पोचेस्तोवर त्याला आयाळ फुटली होती. बायकोनं माहेरच्या रिवाजाप्रमाणे जखमेत गुंटूरच्या मिरचीची पूड भरली; विष जळतं म्हणे. मी असा कोकललो की समोरच्या बिल्डिंगवरची कबुतरं अजून परतलेली नाहीत. पण जखम सुरेख वाळली. मग काय, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मी प्रदर्शनच भरवलं.

रविवारी पुतणी जेवायला आली. ती कॉलेजात प्राण्यांचे विषाणू शिकवते. मी आयाळीपर्यंत आलो तेव्हा तिनं हातातला घास खाली ठेवला.

"काका, सुई घेतली?"

"अगं, वाळली की जखम."

"वाळू दे. तो आवाजच करत नाही, काका."

मग ती सांगत गेली. शरीराचे शिपाई रक्तात गस्त घालतात, म्हणून रेबीजचा विषाणू रक्ताची वाट धरतच नाही. मज्जातंतूंच्या बोळांतून मेंदूकडे सरकतो. ज्या पेशीत उतरतो तिला मारत नाही, फक्त तिची धोक्याची हाक दाबून टाकतो. ना ताप, ना सूज. शिपायांना पत्ता लागेतो तो मेंदूत पोचलेला असतो, आणि मग डॉक्टरांच्याही हातात काही उरत नाही. सुई म्हणजे शिपायांना त्याचा चेहरा आधीच दाखवून ठेवणं. आणि जखमेला मिरची नाही, साबण आणि वाहतं पाणी हवं होतं.

बायको ताटावरून उठली ती मोरीतून साबणच घेऊन आली. माझ्या पिंडरीत मुंग्या धावायला लागल्या. खऱ्या की भीतीच्या, कोण सांगणार?

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कुत्रं कसं होतं. सवयीनं तोंडात वासरू आलं. पुतणीनं नुसतं बघितलं.

"लहानसं," मी म्हणालो. "रक्त आलं होतं. त्या दिवसापासून ते दिसलं नाही."

त्यांनी जखमेभोवती सुया टोचल्या, दंडात टोचली. उशीर झाला का, मी विचारलं.

"झालाय. पण शर्यत अजून चालू आहे."

सुया अजून संपल्या नाहीत. हा विषाणू मेंदूत पोचला की पाणी गळ्याखाली उतरत नाही, हे आता बायकोलाही ठाऊक आहे. सकाळी ती पेला पुढ्यात ठेवते आणि माझ्या गळ्याकडे बघत उभी राहते. मी घोट घेतो. तो उतरलेला दिसला की मगच ती चहाचं आधण ठेवते.