बसप्पाची लॉरी आणि जुना प्रोसेसर

आज ऊन आहे, पण तापत नाही. आभाळावर सायीसारखा पातळ ढग धरलाय आणि जुन्या हुबळीतली आमची गल्ली अर्धी झोपेत आहे. अशा दिवशी एकेक आठवत जातं. मी जन्मभर लॉऱ्यांच्या ताडपत्र्या शिवल्या. ताडपत्रीच्या घडीत कुठल्या कुठल्या गावची माती बसलेली असते, ते उलगडल्याशिवाय कळत नाही. किस्स्यांचंही तसंच. आमच्या बाहेरच्या खोलीत तर एका काम्प्युटरभोवतीच ढीग झालाय!

काम्प्युटर धाकट्या मुलाचा, विनायकचा. गेम खेळायला घेतलेला. तो नोकरीला बेंगळूरला गेला, काम्प्युटर इथंच राहिला. त्यात लॉरी चालवायचा एक गेम आहे. शेजारचा बसप्पा चाळीस वर्षं लॉरीवर होता. काचबिंदूनं बाजूची नजर गेली, तसं लायसन्सही गेलं. समोरचं तेवढं दिसतं. म्हणून विनायकनं जाताना त्याला तो गेम शिकवला.

*

पहिल्या दिवशी बसप्पानं कीबोर्डाला हात लावून कपाळाला लावला. मग खुर्चीतून उठून टेबलाच्या मागं गेला, वाकला.

"काय शोधतोस रे?"

"टायर! चाकं बघितल्याशिवाय कोण गाडी काढतं, अण्णा?"

*

काम्प्युटर हळू. आधी रस्ता यायचा, मग सावकाश एकेक झाड उगवायचं. मला वाटलं, वैतागेल.

"येऊ देत की," बसप्पा म्हणाला. "आमच्या अळणावर गावच्या रस्त्याची झाडं तोडली, ती अजून आली नाहीत!"

*

शहराची वेस आली की मात्र लॉरी जागच्या जागी गोठायची. मी म्हटलं, बंद कर.

"तडीरी, थांबा जरा. नो एंट्री असेल. लॉरीला दिवसा शहरात सोडत नाहीत."

आणि त्यानं डबा उघडला! अर्धी भाकरी मला दिली, मान टाकून घोरायला लागला. माझाही डोळा लागला. झोपेत मला कुठल्यातरी परक्या घाटात माझ्याच हातची ताडपत्री फडफडताना दिसली.

थोरली सून आली. "अप्पा, हँग झालाय तो!"

बसप्पा डोळे न उघडता म्हणाला, "पोलिसाला सांग, कागद आहेत!"

*

असे तीन महिने गेले. रोज वेस, रोज भाकरी, रोज झोप. एकदा मात्र बसप्पा हळूच म्हणाला, "माल न पोचवता मी कधी घरी गेलो नव्हतो, अण्णा."

मी विनायकला फोन लावला. "प्रोसेसर जुना झालाय, अप्पा. शहरात माणसं, गाड्या फार. त्याला झेपत नाही."

कमरीपेठेतला रफीक दुरुस्तीवाला येऊन झाकण उघडून गेला. म्हणाला, "नवा बसवायचा तर सगळंच बदलावं लागेल. या बोर्डावर जुन्यातलाच, पण जरा दमदार चढेल."

"म्हणजे म्हाताऱ्याच्या जागी कमी म्हातारा?"

"बरोब्बर!"

विचार करून सांगतो म्हटलं. त्याला वाटलं, पैशाचं अडलंय. माझं दुसरंच अडलं होतं. माल पोचला, तर बसप्पा उद्या कशाला येईल?

आठ दिवस घोळवलं. मग वाटलं, आपल्या दुपारच्या झोपेसाठी दुसऱ्याचा माल वेशीवर अडवून ठेवणं बरं नव्हे. बसव म्हटलं.

*

परवा बसवला. या खेपेला झाडं रस्त्याबरोबरच आली. वेस दिसली तशी बसप्पाच्या पायानं फरशीवर ब्रेक दाबला. पण लॉरी थांबेना! आत दिवे, पूल, छत्र्या घेतलेली माणसं. गोदामात त्यानं एका दमात लॉरी मागं घेतली. पडद्यावर अक्षरं उमटली.

सून म्हणाली, "पोचला माल!"

बसप्पानं दोन्ही हात मांडीला पुसले. मग उठला आणि दाराशी चपला चाचपू लागला.

मी विचारलं, "झालं का रे मग?"

"रिकामी लॉरी कोण परत नेतं, अण्णा? परतीचा माल बघून ठेवा."