काशीनाथकाकांच्या फियाटचा बल्ब

भाईंदर पूर्वेला गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या दत्तारामला कुणाचंच सुख बघवत नसे, असं काही नाही. त्याला फक्त उत्तमचं बघवत नसे. दोघं रत्नागिरीकडचे, गिरगावात एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलेले. आता रस्त्याच्या या बाजूला दत्तारामची पत्र्याची टपरी आणि समोर उत्तमचं गॅरेज, वर रंगीत बोर्ड. सकाळी त्या गॅरेजचं शटर वर जाण्याचा आवाज आला की याच्या पोटात दुखायला लागायचं.

एकच गोष्ट याच्याकडे होती, जी उत्तमकडे नव्हती. काशीनाथकाकांची डुक्कर फियाट. बँकेतून निवृत्त होऊन मीरा रोडला राहायला आलेले काका त्या अठ्ठावन्न सालच्या गाडीला दत्तारामशिवाय कुणाला हात लावू देत नसत. मारुत्या काय, कुणीही दुरुस्त करतं, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा.

चौऱ्याण्णवच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी काका गाडी घेऊन आले. ती पावसाळाभर समुद्राकाठच्या डोंगरी गावात मेव्हण्याच्या अंगणात, खाऱ्या हवेत उभी होती. ब्रेकचा दिवा लागत नव्हता.

"आधी उत्तमकडे गेलो होतो," काका सहज म्हणाले. "तुझी टपरी बंद होती ना. तो म्हणाला..."

"कळलं, काका. तुम्ही चहा पिऊन या. पाच मिनिटांत करतो."

दत्तारामने लाल काच उतरवली. बल्ब होल्डरमध्ये हिरव्या गंजाने घट्ट बसला होता. अशा वेळी रॉकेलचे चार थेंब सोडायचे आणि दुसऱ्या दिवसापर्यंत गाडीकडे बघायचंसुद्धा नाही, हे त्याला पाठ होतं. पण समोर उत्तम शटरशी उभा राहून बघत होता. उद्या या म्हटलं तर काका रस्ता ओलांडणार. मग दसऱ्याला ती फियाट झेंडूची माळ घालून त्या बोर्डाखाली मिरवणार! नुसत्या विचारानेच त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

त्याने पक्कड घातली. बल्बची काच फुटली, पितळी बूड आतच राहिलं. दातओठ खात त्याने ते पिळलं, तसा बुडासकट अख्खा होल्डर पत्र्यातून उपटून हातात आला. तसला होल्डर आता उभ्या मुंबईत शोधूनही मिळणार नव्हता.

तेवढ्यात काका परतले. पाठोपाठ उत्तमही रस्ता ओलांडून आला.

"काय झालं रे?"

"होल्डर मुळातच सडलेला होता, काका," दत्ताराम खाली बघत म्हणाला.

"अरे देवा! आणि हा उत्तम मला सांगत होता, असल्या जुन्या कामाला मी हात लावणार नाही, घाईत तुटतं. दत्तारामइतका धीर आपल्यात कुणाकडे नाही, दोन दिवस लागले तरी त्याच्याकडेच द्या. तेच तुला सांगत होतो, तर तू ऐकलंच नाहीस."

उत्तमने होल्डर हातात घेतला. पकडीचे ताजे ओरखडे पितळेवर लखलखत होते. वायरिंग करणाऱ्या कुणालाही ते बघून सगळं कळलं असतं. त्याने एकदा दत्तारामकडे पाहिलं आणि होल्डर मुठीत झाकून घेतला.

"सडकाच होता, काका. माझ्या हातूनपण तुटला असता."

यापेक्षा गिऱ्हाईक पळवलं असतंस तर बरं झालं असतं, असं दत्तारामला ओरडावंसं वाटलं. मोठेपणासुद्धा मेला यालाच मिळायचा होता.