बाबांच्या लेथचा टेलस्टॉक

मंडळी, आज दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

माझे बाबा कामठीत लाकूड कातायच्या लेथवर लाटणी आणि पलंगाचे पाय बनवायचे. गेल्या वर्षी ते म्हणाले, "टेलस्टॉक पकडून नाही राहिला वं. लाकूड सुटून राहिलं." टेलस्टॉक म्हणजे लाकडाचं दुसरं टोक दाबून धरणारा भाग. मी न बघताच, आईसमोर म्हणाले, "मशीन ठीक आहे, बाबा. तुमच्याच हातात आता जोर नाही राहिला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी लेथवर चादर टाकली, ती पुन्हा काढली नाही. दिवाळीआधी ते गेले.

आता लेथ विकायची आहे, म्हणून आज साफ करायला टेलस्टॉक खोलला. खालच्या पट्टीत भुसा घट्ट थापून बसला होता. तो खरवडला, नट आवळला. दहा मिनिटांचं काम. मग जोर लावून ढकललं, तर टेलस्टॉक जागचा हलेना, पकड पक्की झाली होती.

दारातून आई बघत होती. हळूच म्हणाली, "म्हणजे त्यायच्या हातात जोर होता न वं?"

मला मान वर करता आली नाही.

तुमच्या घरी कुणी म्हातारं माणूस असं काही सांगत असेल, तर एकदा उघडून बघाल का?